तिसरा आग्रह

त्या शीटला अकरा टॅब होते. विमान, गाडी, राहणं, मळे, जेवण, व्हिसा, रजा, ‘पाऊस पडला तर’, ‘खूप पाऊस पडला तर’ आणि आणखी दोन, जे कशासाठी केले होते ते आता मलाही सांगता येणार नाही. सहल चार दिवसांची. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी जर्मन बाई जेवणाच्या सुट्टीत मागून डोकावली आणि म्हणाली, ‘‘नवीन प्रोजेक्ट का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, माझी सुट्टी आहे.’’ ती खो खो हसली. मला काही हसू आलं नाही.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. एखादी गोष्ट कुठे कुठे बिघडू शकते हे आधीच ओळखायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे घरातलं सगळं प्लॅनिंग आपोआप माझ्याकडे आलं आणि वीस वर्षं माझ्याकडेच राहिलं. भारतात जाणं-येणं, मुलीच्या शाळेचे अर्ज, घर बदलणं, सासऱ्यांची आजारपणं इथून फोनवर निस्तरणं, गणपतीला पंचवीस माणसांचं जेवण. ‘हे आता तू करायचंस’ असं मला बसवून कोणी सांगितलं नव्हतं. पण एकदा केलं की ते आपलंच होतं. आता पन्नाशी दाराशी आली आणि मला अगदी मनापासून वाटायला लागलं होतं, की कुणीतरी मला पिशवीसारखं उचलावं, गाडीत ठेवावं आणि जिथे पोचायचंय तिथे उतरवावं. काही विचारू नये.

इंग्लंडच्या द्राक्षमळ्यांची कल्पना माझी नव्हतीच. नवऱ्याची होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी दक्षिण इंग्लंडमधल्या एका कारखान्यात मशीन बसवायला पाठवलं होतं. मी पुण्यात सासरी. रविवारी करायला काही नसायचं, म्हणून हा बसमध्ये बसायचा आणि शेवटच्या स्टॉपला उतरून परत यायचा. अशाच एका फेरीत त्याला टेकडीच्या उतारावर वेलींच्या रांगा दिसल्या. संध्याकाळी फोनवर ओरडून सांगत होता, ‘‘अगं, इथे द्राक्षं आहेत! इंग्लंडात!’’

आता मी मूळची सांगलीची. द्राक्षमळ्याचं मला काय कौतुक? आमच्याकडे गावाबाहेर पडलं की मळेच मळे, आणि बेदाण्यांच्या शेडवरून जाताना तो गोडसर आंबट वास. पण त्याला इतका आनंद झाला होता, की मीही ‘हो का? खरंच?’ करत राहिले. मग तो म्हणाला, ‘‘एकदा तुला घेऊन येईन.’’ पुढे जर्मनीत हॅनोव्हरची नोकरी लागली, मुलगी झाली, आणि त्या मळ्यांचं राहून गेलं ते गेलंच.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही मुलीला ड्रेस्डेनला सोडून आलो. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तिला प्रवेश मिळाला होता. तिची खोली लावून दिली, पडदा लावला, कुकर कसा लावायचा ते तिसऱ्यांदा दाखवलं. ती ‘हो आई’ म्हणण्याऐवजी ‘जा जा, माख इश’ म्हणत आम्हाला दाराकडे ढकलत होती. करते गं, तुम्ही निघा आता, असं. परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच. माग्डेबुर्ग येईपर्यंत, म्हणजे निम्मी वाट, कोणी बोललं नाही. मग नवरा समोरच्या ट्रककडे बघत म्हणाला, ‘‘ते मळे बघायला जाऊ या का? दोघंच.’’

मी म्हटलं, ‘‘बघू.’’

घरी आलो, आणि मग मला खरी ती शांतता कळली. आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. पण भांडायलाही विषय लागतो, आणि आमचा एकुलता एक विषय ड्रेस्डेनला गेला होता. रात्री जेवताना मी विचारायची, ‘‘उद्या कुठला कचरा?’’ तो म्हणायचा, ‘‘पिवळ्या पिशव्या.’’ मी म्हणायची, ‘‘ठेवल्यास का बाहेर?’’ तो म्हणायचा, ‘‘गेनाऊ.’’ म्हणजे ‘बरोबर’. मराठी माणूस घरात बायकोला गेनाऊ म्हणतो, म्हणजे काय ते समजून घ्या. मग तो त्याच्या फोनमध्ये आणि मी माझ्या. दहा वाजता दिवे बंद.

मग मी शीट उघडली आणि मळ्यांचं शोधायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. चार दिवस. एक गाडी, एक खोली, आणि खेड्यापाड्यातले ते अरुंद रस्ते. प्रत्येक मळ्यात दीड तास समोरासमोर बसायचं, एक एक घोट घ्यायचा आणि कसं लागलं ते एकमेकांना सांगायचं. इथे निदान कचऱ्याचे वार होते. तिथे काय बोलणार होतो आम्ही? आणि काहीच निघालं नाही तर? चोवीस वर्षांनी समोरासमोर बसल्यावर कळलं, की आत काही उरलेलंच नाही, तर परत येऊन काय करायचं? रात्री झोप लागेना. हे मी कोणाला सांगितलं नाही. टॅब तेवढे वाढवत गेले.

इथे थोडं मागं जाऊन एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या माहेरी आग्रहाचा एक नियम होता. कोणी खायला-प्यायला विचारलं, की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. भूक लागली असली तरी. दुसऱ्यांदा विचारलं तर ‘नको हो, खरंच नको’. तिसऱ्यांदा विचारलं, तर मात्र ते मनापासून आहे असं समजायचं आणि पान पुढे करायचं. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असायचं. एकदा म्हणणं तोंडदेखलं, दोनदा म्हणणं रीत म्हणून, आणि तीनदा म्हणजे खरं आमंत्रण. आई म्हणायची, ‘‘एकदा बोलावल्यावर जातो तो हावरट, आणि तीनदा बोलावूनही जात नाही तो उद्धट.’’

सासर पुण्याचं. यावर मी जास्त काही बोलत नाही. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा सासूबाई पोळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘पुरणपोळी आणखी एक?’’ मी लाजून म्हटलं, ‘‘नको.’’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. संपलं! मी अर्धपोटी उठले. मनात कपट नव्हतं त्यांच्या, त्यांच्याकडे नको म्हणजे नकोच. पुढे नवऱ्याला हे सांगितलं तर तो आठवडाभर हसत होता. मग त्याने एक खेळच सुरू केला. आइस्क्रीम खायला जायचं असलं की दारात उभा राहून बोटं मोजायचा, ‘‘एकदा, येतेस? दोनदा, येतेस? तीनदा, येतेस?’’ आणि तिसऱ्याला मी चपला घालायची.

तो खेळ कधी बंद पडला, आठवत नाही. मुलगी लहान असतानाच कधीतरी. नंतर तो आपल्या घरच्यासारखं एकदाच विचारायला लागला आणि मी माझ्या घरच्यासारखं पहिल्यांदा नको म्हणतच राहिले. ‘‘तळ्यावर चक्कर मारायला येतेस?’’ ‘‘नको.’’ की हा बूट घालून निघाला. मी खिडकीतून त्याची पाठ बघत उभी, आणि मनात संताप, की परत का नाही विचारत हा माणूस! तेव्हा त्याला हाक मारायची बुद्धी मला झाली नाही.

तर, दिवाळी. इथे दिवाळीला कोण सुट्टी देतो? म्हणून पुढच्या शनिवारी दुपारी आमच्याकडे फराळाला ते दोघं आले. दोन गल्ल्या सोडून राहणारं जोडपं, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठं. गृहस्थांना मी भावोजी म्हणते आणि बाईंना वहिनी. सख्खं नातं काही नाही, पण परदेशात सख्खं कोण असतं? माणसं फार चांगली. फक्त बोलतात खूप. वहिनी श्वास घ्यायला थांबल्या, की तेवढ्यात भावोजी सुरू होतात.

चकली मऊ पडली होती, ती त्यांनी ‘छान खुसखुशीत’ म्हणून खाल्ली. वहिनींनी विचारलं, ‘‘मग, लेक गेली. आता मे महिन्यात काय बेत?’’ आणि माझा नवरा, जो चारचौघांत हूं की चूं करत नाही, तो एकदम ताठ बसून म्हणाला, ‘‘इंग्लंडला चाललोय आम्ही. द्राक्षमळे बघायला, वाइन चाखायला. दोघंच.’’

ते ‘दोघंच’ त्याने फार ठासून म्हटलं. मी पटकन म्हटलं, ‘‘चला की तुम्हीपण!’’

‘‘छे छे,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘तुम्ही नवराबायको निघालाय, आम्ही कशाला मधे कबाबमें हड्डी?’’

‘‘अहो वहिनी, त्यात काय! उलट मजा येईल. चला ना.’’

‘‘अगं, पण आम्ही तर पीतसुद्धा नाही,’’ भावोजी म्हणाले.

‘‘म्हणूनच तर! आम्ही चाखत बसल्यावर गाडी कोण चालवणार? नाही म्हणायचं नाही, चलाच तुम्ही!’’

दोघंही हसले. वहिनींनी भावोजींकडे पाहिलं, भावोजींनी वहिनींकडे पाहिलं, आणि ते चक्क हो म्हणाले. नवरा कधी नव्हे तो आपणहून चहा टाकायला आत गेला.

रात्री मी त्याला म्हटलं, ‘‘मी आपलं तोंडदेखलं म्हटलं रे. ते लगेच तयार होतील असं कुठे वाटलं होतं?’’ तो ‘हं’ म्हणाला. मी म्हटलं, ‘‘पण एका परीने बरंच झालं. ते पीत नाहीत, गाडीचा प्रश्न सुटला.’’ तो परत ‘हं’ म्हणाला. त्या रात्री मला खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि त्यावर द्राक्षांचा फोटो लावला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. फरक एवढाच, की घोडं मीच निरोप पाठवून बोलावलेलं. राहायला स्वयंपाकघर असलेलंच घर हवं, कारण भावोजींना सकाळी पोहे लागतात. मळ्यातल्या जागा अगदी शांत, म्हणजे रात्री भयाण वाटणार, तर मुक्काम गावातच हवा. एवढ्या लांब जायचं तर लंडनमधलं मंदिरही करू. दुसऱ्या दिवशी संकष्टी येते, म्हणून त्या दिवशीचा मळा पुढे ढकलता येईल का? आणि एक दिवस मेसेज आला, ‘‘त्या वाइनच्या ठिकाणी चहा मिळतो का गं?’’

मी प्रत्येक मळ्याला ईमेल पाठवून विचारलं, चहा मिळतो का. एका मळ्यातल्या बाईने फार सभ्यपणे उत्तर दिलं, की मिळतो, केकसकट मिळतो. ते उत्तर मी ‘जेवण’च्या टॅबमध्ये चिकटवलं आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन थंड पाण्याने तोंड धुतलं.

तीन मळ्यांचे होता होता दोन झाले, दोनाचा एक झाला. जो उरला तो सोयीचा होता, रेल्वे स्टेशनजवळ, मोठा, बसेस लावायला जागा असलेला. नवऱ्याने बसमधून पाहिला होता तो उतारावरचा लहान मळा मी नकाशावर हुडकून काढला होता, अजून चालू होता, मालकीणबाई स्वतः वाइन ओतून देतात असं लिहिलेलं होतं. तो यादीतून गेला. मी नवऱ्याला म्हटलं, ‘‘त्यांना टेकडी चढवणार नाही.’’ तो म्हणाला, ‘‘चालेल.’’ त्याला सगळंच चालत होतं.

लोक तर विचारायचेच. ऑफिसातल्या जर्मन लोकांना हा विनोदच वाटायचा. इथे एवढ्या नद्यांच्या काठांनी द्राक्षं लागलेली असताना वाइनसाठी इंग्लंडला कोण जातं? ‘‘आल्झो,’’ म्हणजे आपलं ‘हं, तर मग’, एवढंच म्हणून माझा बॉस भुवया वर करून थांबला. पुण्याला सासूबाईंना आम्ही निसर्ग बघायला जातोय असं सांगितलं होतं. मी कुठेतरी वाचलं, की चाखलेली वाइन गिळायची नसते, थुंकायची असते, त्यासाठी टेबलावर वेगळं भांडंच ठेवतात. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘हे आईला सांगू नकोस.’’ तेवढं एक वाक्य तो त्या महिन्यात जास्तीचं बोलला असेल.

आमचे पासपोर्ट अजून भारताचेच, त्यामुळे ब्रिटनचा व्हिसा हवा. जर्मनीत वीस वर्षं राहिल्याचा तिथे काही उपयोग नाही. मार्चमध्ये बोटांचे ठसे द्यायला बर्लिनचा टर्मिन मिळाला, म्हणजे तारीख-वेळ ठरवून दिलेली भेट, जिच्याशिवाय या देशात कोणी कोणाला भेटत नाही. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. आम्ही दोघं फायली मांडीवर घेऊन बसलो होतो. पगाराच्या पावत्या, कंपनीची पत्रं, घराचा करार. बाहेर सपाट शेतं. दीड-दोन तासांच्या प्रवासात आम्ही तीनदा बोललो, आणि तिन्ही वेळा ‘‘ते पत्र घेतलंस ना?’’ एवढंच.

ठसे घेणाऱ्या मशीनवर माझा अंगठा उमटेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, रेषा पुसट झाल्यात, पुसून परत ठेवा. दोनदा ठेवला, नाही. नवरा मागच्या खुर्चीवरून उठून आला. त्याने माझा हात हातात घेतला, खिशातून रुमाल काढला आणि माझा अंगठा हळूहळू पुसायला लागला, चष्म्याची काच पुसावी तसा. म्हणाला, ‘‘भांडी घासून घासून गेल्या रेषा.’’ आणि तसाच हात धरून उभा राहिला. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत त्याने असा हात कधी धरला होता? आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, ‘‘वहिनींचं बरंय. जर्मन पासपोर्ट, मोबाइलवर अर्ज केला की परवानगी हातात. बसल्या बसल्या काम झालं त्यांचं.’’

त्याने हात सोडला. अंगठा पुढच्या खेपेला उमटला.

एप्रिल संपत आला. व्हिसा आले, रजा मंजूर झाल्या, एक मळा, एक मंदिर आणि पोह्यांचं सामान पक्कं झालं. निघायला आठ दिवस होते. रविवारची दुपार. जेवणं झाली होती, मी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते, नवरा ओट्याशी कुकर पुसत होता. वहिनींचा फोन आला. त्यांचा मुलगा-सून लांब दक्षिणेत, हेर्त्सोगेनआउराखला असतात. सुनेला जूनची तारीख दिली होती, पण आदल्या रात्रीच मुलगी झाली. दोघी सुखरूप. वहिनी आणि भावोजी पहाटेच गाडी घेऊन तिकडे पोचले होते. वहिनी आनंदाने रडत होत्या आणि मधेच माझी माफी मागत होत्या. ‘‘आता बाळंतपण सोडून कुठे जाणार गं? तुमचा सगळा बेत आम्ही घालवला बघ. पण तुम्ही दोघं मात्र जा हं. मजा करा.’’

मी अभिनंदन केलं, डिंकाचे लाडू पाठवते म्हटलं, फोन ठेवला. आणि ठेवता ठेवताच म्हटलं, ‘‘मग रद्दच करू या का आपण? घर चौघांचं घेतलंय, गाडीही मोठी आहे. आणि चालवणार कोण? मला तर बाई फार दमल्यासारखं झालंय.’’

नवरा कुकर पुसत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, ‘‘तीनदा म्हणालीस तू त्यांना.’’

‘‘काय?’’

‘‘दिवाळीत. चला म्हणून. पहिल्यांदा म्हणालीस, मला वाटलं तोंडदेखलं आहे. दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हाही वाटलं, सांगलीची आहे, म्हणणारच. तिसऱ्यांदा म्हणालीस, तेव्हा मी चहा टाकायला आत गेलो.’’

मला अगदी चोरी पकडल्यासारखं झालं. सहा महिने हा माणूस ते मनात ठेवून हं हं करत होता. मंदिराला चालेल म्हणाला, मोठ्या मळ्याला चालेल म्हणाला. मी म्हटलं, ‘‘अरे, गाडी चालवायला कोणीतरी...’’

‘‘बस आहे तिथे,’’ तो म्हणाला. ‘‘मी बसनेच बघितले होते ते मळे.’’

  मी लॅपटॉपकडे बघत बसले. अकरा टॅब. ‘पाऊस पडला तर’ची सुद्धा सोय होती तिथे, आणि ज्याची भीती वाटत होती त्याचा एकही टॅब नव्हता. शेवटी मी म्हणून टाकलं, ‘‘मला भीती वाटली.’’

‘‘कशाची?’’

‘‘आपण दोघंच चार दिवस. आणि बोलायला काही नाही, असं निघालं तर? मुलगी गेल्यापासून आपण काय बोलतो सांग बरं. पिवळ्या पिशव्या. तिथे जाऊन पण गप्प बसलो, तर मग काय राहिलं? म्हणून म्हटलं त्यांना चला. तीनदा म्हटलं. मनापासून म्हटलं.’’

तो वळला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, ‘‘मलाही तीच भीती वाटते. म्हणून तर विचारलं होतं गाडीत.’’

माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी ते पुसलं नाही. मी म्हटलं, ‘‘चल, जाऊ या आपण.’’

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘राहू दे. दमलीयेस तू.’’

नको म्हणाला. झालं. हा पुण्याचा, याच्याकडे नको म्हणजे नकोच. मी लॅपटॉप ओढला, घराच्या बुकिंगचं पान उघडलं. मग तोंडातून निघून गेलं, ‘‘अरे, चल ना.’’

‘‘नको गं, खरंच नको,’’ तो म्हणाला, आणि परत कुकर पुसायला लागला.

कुकर केव्हाचा कोरडा झाला होता. तरी तो पुसत होता, तेच तेच बूड, फडकं गोल गोल फिरवत, आणि माझ्याकडे बघत नव्हता. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खरंच नको, असं तो आयुष्यात कधी म्हणालेला नव्हता. ते माझ्या माहेरचं वाक्य होतं. तो वाट बघत होता.

शेजाऱ्यांना म्हणताना जीभ कात्रीसारखी चालली होती. आता ती उचलेना. तरी म्हटलं. ‘‘चल माझ्याबरोबर,’’ तिसऱ्यांदा म्हटलं.

त्याने कुकर खाली ठेवला. फडकं खांद्यावर टाकून माझ्यासमोर येऊन बसला.

‘‘किती वाजता निघायचंय?’’

‘‘शीटमध्ये आहे सगळं.’’

‘‘शीट नको. तू सांग.’’

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, विमान सकाळी साडेसहाचं आहे, म्हणजे पावणेचारला उठायला लागेल.

‘‘पावणेचारला?’’ तो ओरडला. ‘‘असलं विमान घेतं का कोणी सुट्टीला जाताना?’’

‘‘मग तू बघायचं होतंस!’’ मी पण ओरडले. ‘‘सहा महिने सगळं चालेल, चालेल म्हणत होतास ना? आता का नाही चालत?’’

‘‘मंदिराला चालेल म्हणालो मी. पावणेचारला नाही!’’

मग तो लहान मळा यादीतून का काढला यावरून, बसने जायचं तर सामान कोण उचलणार यावरून, आणि थुंकायचं की गिळायचं यावरून. चांगला अर्धा तास कचाकचा भांडलो आम्ही. रविवारची दुपार, इथे कायद्यानेच शांततेची वेळ. खालच्या म्हाताऱ्या बाईंनी आपल्या छताला दांडा ठोकला, तेव्हा कुठे थांबलो.